आमच्या मुलांची नावं त्या त्रिकोणावरून उतरवा

प्रति,
डी.एल.एड. आणि बी.एड.चा अभ्यासक्रम ठरवणारे, त्याची पुस्तकं लिहिणारे आणि सेवांतर्गत प्रशिक्षणात तो आम्हाला शिकवणारे सर्व तज्ज्ञ,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेली २२ वर्षं शिकवते. दिवाळी झाली की आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा 'कोयता' (तोडणीला जाणारी जोडी) उसाच्या फडावर जातो, तो मार्च-एप्रिलमध्ये परततो. काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ मागं राहतात. माझा वर्ग म्हणजे ही मुलं. त्यांच्याबद्दलच हे पत्र आहे, म्हणून लांबलं तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मध्यंतरी एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणात सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांनी, चार्टपेपरवर मोठा त्रिकोण काढला. पाच पट्ट्या. तळाला शारीरिक गरजा, वर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग आत्मसन्मान, आणि टोकाला आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पुरत्या फुलवणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोचा गरजांचा सिद्धांत. आम्ही सगळ्यांनी तो डी.एड.ला पाठ केलेला होता. 'आकृतीसह स्पष्ट करा' या प्रश्नाला हमखास मार्क देणारा. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या दहा मुलांची नावं लिहायची आणि जे मूल ज्या पायरीवर आहे तिथं चिकटवायची.

पंधरा मिनिटांत तळाच्या पट्टीवर बोट ठेवायला जागा उरली नाही. टोकाला दोनच चिठ्ठ्या होत्या. एक मेडिकल दुकानवाल्याच्या मुलाची, दुसरी आमच्यातल्याच एका शिक्षकाच्या मुलीची. सुलभक म्हणाले, "बघा, तळातल्या मुलांकडून आत्ता फार अपेक्षा ठेवू नका. आधी पोटोबा, मग विठोबा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझ्या दहापैकी सात चिठ्ठ्या तळाशी होत्या.

त्या सातांतली एक चिठ्ठी चौथीतल्या एका मुलीची होती. आईबाप फडावर, ही आजीजवळ. सकाळी हापशावरून पाणी भरून, धाकट्या भावाचं आवरून शाळेत येते, त्यामुळं बऱ्याचदा उपाशीच येते. आमच्या व्हरांड्यात सावलीला एक तापमापक टांगलाय. त्याच्या शेजारच्या फलकावर रोज दहा, बारा आणि चारचं तापमान लिहायचं काम त्या वर्षी तिच्याकडं होतं. प्रशिक्षणाहून परत आल्यावर त्याच आठवड्यात एक दिवस खिचडी जरा लवकर शिजली. ही सकाळपासून उपाशी आहे हे मला माहीत होतं. मी तिला हाक मारली, "चल, आधी खाऊन घे." ती टाचा उंचावून काचेतल्या रेषेकडं बघत होती. मान न वळवता म्हणाली, "थांबा बाई, बाराला पाच कमीयेत. बाराचं तापमान एकला कसं लिहायचं?"

पाच मिनिटं ती तशीच उभी राहिली. खिचडीचा वास व्हरांड्यात येत होता. बारा वाजले, तिनं खडूनं ३४ लिहिलं, हात फ्रॉकला पुसला आणि मग पंगतीत बसून दोनदा खिचडी मागून घेतली.

तिची भूक खोटी नव्हती, आणि तो तापमापकही तिच्यासाठी चैन नव्हता. मी मात्र तिचं नाव तळाच्या पट्टीवर चिकटवून आले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मास्लोचा मूळ लेख मिळवला. १९४३ साली 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात आलेला, 'अ थिअरी ऑफ ह्यूमन मोटिव्हेशन'. इंग्रजी माझ्यासाठी जड होतं, शब्दकोश घेऊन बसले, आठ दिवस लागले. पण वाचल्यावर वाटलं, २२ वर्षांपूर्वी कुणीतरी हा माझ्या हातात द्यायला हवा होता.

त्या लेखात त्रिकोण नाही. मास्लोच्या १९५४ सालच्या पुस्तकातही नाही. तो पिरॅमिड १९६० साली चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या एका सल्लागारानं कामगारांना पैशानं कसं प्रेरित करावं यावरच्या लेखात छापला, आणि तिथून तो व्यवस्थापनाच्या पुस्तकांत रुजला. २०१९ साली तीन अभ्यासकांनी हा माग काढून प्रसिद्ध केला. म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरसाठी काढलेलं चित्र फिरत फिरत आमच्या चौथीच्या वर्गात आलं, आणि आम्ही त्यावर लेकरांची नावं चिकटवली.

पण चित्र कुणी काढलं यापेक्षा त्यातून काय गळालं ते मला जास्त लागलं. मास्लोनं गरजांना क्रम लावलाय, हे खरं. पोट अगदीच रिकामं असेल तर माणसाला दुसरं काही सुचत नाही, हेही त्यानं लिहिलंय. पण लगेच पुढं तो बजावतो की एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी जागीच होत नाही असा गैरसमज करून घेऊ नका. समजावण्यापुरते म्हणून काही आकडेही देतो: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा साधारण ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १०. सगळ्या एकाच वेळी, सगळ्या अर्धवट. पहिली गरज २५ टक्के भागली की दुसरी पाचेक टक्के डोकावू लागते, असंही तो म्हणतो. जिना कुठंच नाही. एकाच कृतीमागं एकाच वेळी अनेक गरजा असतात, हेही त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय. आम्हाला यातलं एक अक्षरही कुणी शिकवलं नाही.

आणखी दोन गोष्टी त्या लेखात आहेत, ज्या शिक्षकासाठी तर सगळ्यात मोलाच्या आहेत. एक म्हणजे जाणून घेण्याची, समजून घेण्याची ओढ. तिच्यावर मास्लोनं वेगळं लिहिलंय, आणि ती नंतर कधीतरी उगवणारी हौस मानलेली नाही. दुसरी, या गरजा भागण्यासाठी आधी काय असावं लागतं याची त्यानं केलेली यादी. बोलायचं स्वातंत्र्य, शोध घेण्याचं, माहिती मिळवण्याचं स्वातंत्र्य, न्याय, खरेपणा. हे नसेल तर बाकीच्या गरजा भागूनही धोक्यात राहतात असं तो म्हणतो. त्रिकोणात या दोन्हींना जागा नाही. वर्गात प्रश्न विचारायची मुभा ही तळाच्याही खालची गोष्ट आहे, हे मला माझ्या कुठल्याच प्रशिक्षणानं सांगितलं नाही. उलट 'आधी पोट' म्हणत मी कित्येक वर्षं कठीण प्रश्न पुढच्या बाकावरच्या खात्यापित्या मुलांना विचारले, आणि मागच्यांना म्हटलं, "तू फक्त ऐक." त्या मुलांची आता लग्नं झालीत, काहींची मुलं माझ्याच शाळेत आहेत. त्यांची मी मनोमन माफी मागते.

मराठीत आपण या सिद्धांताला सहज 'गरजांची उतरंड' म्हणतो. शब्द फार चांगला आहे, पण आपण तो वापरतो तेव्हा आपल्या डोळ्यापुढं काय असतं याचा विचार करा. माझ्या आजीच्या घरात खरी उतरंड होती. खाली मोठा डेरा, त्यावर मडकी, सगळ्यात वर लहानसं गाडगं. डेऱ्यात बियाणाची ज्वारी, मधल्या मडक्यांत डाळी, वरच्या गाडग्यात चिंच, मीठ, कधी गुळाचा खडा. दुष्काळाच्या वर्षी डेऱ्यात तळाला चार पायल्या उरायच्या. तरी वरच्या गाडग्यातला गुळाचा खडा आजी आमच्या हातावर ठेवायचीच. खालचं भांडं काठोकाठ भरल्याशिवाय वरच्यात हात घालायचा नाही, असा नियम कुठल्याच घरात नव्हता.

पण उतरंड म्हटलं की मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे जातीची उतरंड. कोण वर, कोण खाली, आणि खालच्यानं वर बघायचं नाही. मला भीती वाटते ती हीच. गरजांची उतरंड शिकवताना आपल्याकडून नकळत माणसांची उतरंड शिकवली जाते. त्या चार्टपेपरच्या तळाला चिकटलेली आडनावं आणि टोकाला चिकटलेली आडनावं आपल्यापैकी कुणीतरी सलग वाचून बघायला हवी होती. मी वाचली. जास्त लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

आपल्या महाराष्ट्राला तर हे शिकायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती. १८५५ साली मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून येतो. त्या निबंधात दारिद्र्य आहे, मारहाण आहे, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसणं आहे. आणि त्याच निबंधात ती आपल्या लोकांना सांगते की दारिद्र्यानं गांजलेल्यांनो, ज्ञान हे तुमचं औषध आहे. पोट भरल्यावर शिका, असं ती म्हणत नाही. आजच्या प्रशिक्षणात तिचं नाव आपण कुठल्या पट्टीवर चिकटवलं असतं?

आणि महाडचं काय? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांबरोबर लोक गेले ते पाण्यासाठी. पाण्याहून मूलभूत शारीरिक गरज दुसरी कोणती असणार? पण त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी सांगितलं की आपण तळ्यावर जातोय ते नुसतं पाणी प्यायला नव्हे, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठसवायला. त्या मार्चमध्ये पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ले झाले, डोकी फुटली. म्हणजे सुरक्षितता गमावून त्यांनी सन्मान मिळवला, आणि तोही एका ओंजळीतून. तहान, सुरक्षितता, आपलेपणा, सन्मान, सगळं त्या एका ओंजळीत होतं. ती ओंजळ पाच पट्ट्यांत कापता येत नाही.

'आधी पोटोबा मग विठोबा' ही म्हण मी नाकारत नाही. ती ज्या लोकांची आहे त्यांना भूक माहीत होती. पण तीच माणसं आषाढी एकादशीला निरंकार उपवास करून पंढरपुरात दर्शनबारीत उभी राहतात. म्हण आपण लक्षात ठेवली आणि ती बारी विसरलो.

आता एका मुलाबद्दल सांगते, कारण यानं माझी उरलीसुरली समजूत मोडली. पाचवीतला मुलगा, मार्चअखेर फडावरून परतला. शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून आणलं होतं. तिकडं ते कुणी बघायला मागितलंच नव्हतं. चार महिने त्यानं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटी बहीण सांभाळली आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधल्या. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे पंगतीला बसले, हा पिंपळाच्या पारावर. "भूक नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. हाडं मोजता यावीत असं मूल, आणि भूक नाही. तिसऱ्या दिवशी मदतनीस ताईंनी मला सांगितलं, "बाई, त्याचं ताट गेलंय ना." आमच्या शाळेत ताटांवर रंगानं नंबर टाकलेत. त्याचा १७ नंबर हिवाळ्यात नवीन आलेल्या मुलाला दिला होता. हजेरीत त्याच्या नावापुढं रिकामे रकाने होते आणि बाकावर दुसरंच कुणी बसत होतं.

मी त्याच्यासमोर नवीन ताट घेतलं आणि तैलरंगाच्या डबीत ब्रश बुडवून त्याच्या हातात दिला. त्यानं जीभ बाहेर काढून, हात स्थिर धरून ४१ लिहिलं. हजेरीत नाव त्याच्यासमोर पुकारलं. रंग वाळायच्या आतच त्यानं त्या ताटात खिचडी घेतली, ४१ वर बोट लागू नये म्हणून ताट कडेनं धरून.

त्रिकोणाप्रमाणं अन्न पहिली पायरी आणि आपलेपणा तिसरी. या मुलानं तिसरी मिळाल्याशिवाय पहिलीवर पाय ठेवला नाही. अशी उलटापालट होते हेसुद्धा मास्लोनं लिहिलंय बरं का. काही माणसांत क्रम उलटा असतो, कुणी एखाद्या मूल्यासाठी सगळं सोडून देतो, असे अपवाद त्यानं स्वतःच नोंदवलेत. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल त्यानं जे लिहिलंय ते तर फडावरच्या लेकरासाठीच लिहिलंय असं वाटावं. मुलाला रोजची घडी हवी असते, आणि मोठ्यांच्या वागण्यातला अन्याय, धरसोड यानंही ते घाबरतं. नुसत्या छपरानं सुरक्षितता येत नाही.

पुढच्या संशोधनाबद्दल थोडक्यात लिहिते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरचे अभ्यास तपासले, त्यांना पाच पायऱ्यांच्या क्रमाला भक्कम आधार सापडला नाही. २०११ साली ताय आणि डीनर यांनी १२३ देशांची माहिती घेतली. गरजा जगभर सारख्याच दिसल्या, पण खालच्या पुऱ्या भागल्या नसतानाही नात्यांतून आणि सन्मानातून माणसांना समाधान मिळत होतं. डेसी आणि रायन यांनी तर स्वायत्तता, आपल्याला जमतंय ही भावना आणि नातं या तीन मानसिक गरजा मांडल्या, आणि त्यांत वरखाली लावलंच नाही. तापमापकासमोर उभी असलेली माझी विद्यार्थिनी या तिन्ही गरजा एकदम जगत होती. आपल्या पुस्तकांत १९४३ नंतरचं हे पान कधी येणार?

एक गोष्ट मला अगदी स्पष्ट लिहायची आहे, म्हणजे माझ्या पत्राचा कुणी भलता अर्थ लावणार नाही. अन्न महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात ३६ तरुणांना स्वखुशीनं अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. काही महिन्यांत ते अन्नाशिवाय कशाचाच विचार करेनासे झाले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. अशी भूक मी माझ्या वर्गातही बघितली आहे. सोमवारी सकाळी ती जास्त दिसते, कारण रविवारी खिचडी नसते. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत शिजवलेलं अन्न नुकतंच सुरू झालं होतं. त्याआधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तो शिजवून ताटात वाढायला लावला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, हा त्याचा हक्क आहे. त्यातला एक दाणाही कमी होता कामा नये. पण खिचडी दिली की आमचं काम झालं, बाकीचं या मुलांना नंतर कधीतरी, हे मला मान्य नाही. ते 'नंतर' आमच्या मुलांच्या आयुष्यात येतच नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलींची लग्नं होतात आणि नवा कोयता तयार होतो. त्यांना जे द्यायचं ते आत्ताच, खिचडीच्याच दिवशी द्यावं लागतं.

तुम्ही विचाराल, मग काय करायचं. मला जे दिसतं ते सांगते. त्रिकोण पुस्तकात ठेवायचाच असेल तर तो मास्लोचा नाही हे त्याच्याखाली छापा, आणि त्याच पानावर ते ८५-७०-५०-४०-१० चे आकडे द्या, ते समजावण्यापुरते आहेत या खुलाशासह. जाणून घेण्याच्या ओढीला आणि त्या आधीच्या अटींना स्वतंत्र पाठ द्या. परीक्षेत 'सर्वोच्च गरज कोणती' असा पर्यायी प्रश्न विचारण्याऐवजी एखाद्या मुलाचा एक दिवस लिहून द्या आणि त्यात कोणकोणत्या गरजा एकत्र दिसतात ते विचारा. बारा-पंधरा वर्षं शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकांनाही ते लिहिताना घाम फुटेल, पण फुटू द्या. मास्लो १९३८ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या अल्बर्टात सिक्सिका या आदिवासी लोकांमध्ये राहून आला होता. त्या गरीब वस्तीत बहुतेक माणसं मनानं किती स्थिर आणि निर्धास्त आहेत हे बघून तो चकित झाला. साठवण्यापेक्षा देऊन टाकण्यात तिथं मोठेपणा होता. पुस्तकं लिहिण्याआधी तो माणसांत गेला होता. आपले पाठ लिहिणाऱ्यांनीही निदान एक हंगाम कोपीवर जाऊन बघावं.

आणि मुलांची नावं लिहून पायरीवर चिकटवण्याचा तो उपक्रम बंद करा. हे एवढं तर लगेच करता येईल, त्याला अभ्यासक्रम बदलायची वाट बघावी लागत नाही. गरज कोणती ते लिहा, मूल कोणतं ते लिहू नका.

यंदाही दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागतील. माझ्या पटावरची किती मुलं जातील ते अजून ठरायचंय, काही घरांत उचल घेऊन झाली आहे. तापमापकाचं काम आता तिसरीतल्या एका मुलाकडं आहे. त्याला अजून दशांश येत नाही, तो '३१ आणि थोडं' असं लिहितो. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या. बाराच्या पाच मिनिटं आधी पोचा.

आपली नम्र,
एक जिल्हा परिषद शिक्षिका, बीड जिल्हा